आडोशाची ज्योत

आपल्या घरात दिवा विझत नाही. तो मालवतो, शांत होतो, किंवा जुन्या पिढीच्या बोलीत 'वाढतो'. हातातली बांगडी फुटली तरी ती फुटली असे म्हणावयाचे नाही, ती 'वाढवली'. डब्यातले तांदूळ तळाला गेले की घरची वडीलधारी बाई 'तांदूळ वाढले' असा निरोप पाठवी. दुकानदार रात्री दुकान बंद करीत नसे, वाढवीत असे. आणि पाहुणा उंबऱ्यापाशी 'जातो' म्हणाला, तर आजीबाई त्याला तिथेच अडवून 'येतो म्हण' असे बजावीत. जे सरणार, फुटणार, जाणार, त्याचे नाव तोंडाने घ्यावयाचे नाही. उलट अर्थाचा शब्द योजावयाचा. परक्याला हा भाबडेपणा वाटेल. मला मात्र वाटते की, घरातल्या सुंदर वस्तू किती नाजूक असतात याची जाणीव आपल्या बायकांनी या चार-दोन क्रियापदांत जितकी साठवून ठेवली आहे, तितकी ती मोठमोठ्या ग्रंथांतही सापडणार नाही. ज्याला दिवा विझण्याची धास्ती नाही, तो 'विझला' हा शब्द बिनदिक्कत वापरील.

भाषेने हे जाणले. आमच्या चित्रकारांनी जाणले काय? घरगुती जीवनाची चित्रे आपल्याकडे थोडीथोडकी नाहीत. दिवा लावणारी, वेणी माळणारी, तुळशीला पाणी घालणारी, आरशापुढे कुंकू रेखणारी, लेकराला ओवाळणारी अशा स्त्रिया गेली सव्वाशे वर्षे आपल्या भिंतींवर, कॅलेंडरांवर आणि दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांवर उभ्या आहेत. दिवा, फूल, आरसा, कुंकू ही सारी क्षणभर टिकणाऱ्या सौंदर्याची प्रतीके आहेत, असे आपण शाळेपासून ऐकत आलो. पण नुसते फूल रंगवले म्हणजे ते कोमेजण्याची हुरहुर चित्रात उतरते असे थोडेच आहे? मी अशा चित्रांना एक साधी कसोटी लावते. चित्रात वारा आहे का? वारा म्हणजे फडफडणारा पदर नव्हे; तो तर नाटकाच्या पडद्यावरही असतो. समोरची ज्योत या घडीला जाऊ शकते, ही शंका चित्र पाहताना मनाला शिवते की नाही, एवढाच माझा प्रश्न. जी ज्योत जाऊच शकत नाही तिला सुंदर म्हणा, मंगल म्हणा. क्षणभंगुर कशी म्हणणार?

या बाबतीत युरोपातल्या चित्रकारांचा मार्ग अगदी वेगळा होता. सतराव्या शतकातल्या हॉलंडात क्षणभंगुरतेची चित्रे काढण्याचा प्रघातच पडला होता. मेजावर एक कवटी, शेजारी वाळूचे घड्याळ, नुकतीच मालवलेली मेणबत्ती आणि तिच्या धुराची रेघ, अर्धवट सोललेले लिंबू, पाकळ्या गळू लागलेले फूल. या प्रकाराला 'व्हॅनिटास' असे नाव आहे आणि ते बायबलातल्या एका उपदेशावरून आले आहे. कारागिरी अशी की लिंबाच्या सालीकडे पाहून तोंडाला पाणी सुटावे. पण आम्हा शिक्षकांना हा प्रकार चटकन ओळखू येतो. धडा आधी ठरलेला आणि चित्र मागाहून काढलेले! कवटी दाखवून 'सारे नश्वर आहे' असे सांगणे म्हणजे पाहुण्याला 'जातो म्हण' असे शिकवणे.

त्याच हॉलंडात व्हर्मीरने १६६०च्या सुमारास एक साधी मोलकरीण रंगवली. ती मडक्यातून भांड्यात दूध ओतते आहे. कवटी नाही, घड्याळ नाही, मेजावर पाव आहे आणि खिडकीतून येणारा उजेड आहे. दुधाची बारीक धार मात्र साडेतीनशे वर्षे पडतेच आहे आणि तरीही बाईने मनगट जरा सरळ केले तर ती आत्ता थांबेल असे वाटत राहते. पुढच्या शतकात फ्रान्समध्ये शार्दां या चित्रकाराने साबणाचा फुगा फुगवणारा एक मुलगा काढला. दगडी कट्ट्यावर कोपर टेकून, श्वास रोखून तो नळीने फुगा मोठा करतो आहे. मागून एक लहान पोर टाचा उंचावून पाहते आहे. फुगा फुटणार हे सांगायला कोणी उपदेशक तिथे नाही. मुलाच्या फुगलेल्या गालांवरून ते आपल्यालाच कळते. आपल्या घरची पोरेही रिठ्याच्या पाण्याचे फुगे याच तन्मयतेने काढीत असत.

आणखी एका फ्रेंच चित्राचा उल्लेख इथेच करून ठेवते, कारण पुढे त्याचे काम पडणार आहे. जॉर्ज द ला तूर याचे 'सुतार संत जोसेफ' हे चित्र पॅरिसच्या लूव्रमध्ये आहे. ते १६४२च्या आसपासचे. म्हातारा जोसेफ लाकडाला भोक पाडतो आहे आणि बाल येशू त्याला मेणबत्ती धरून उजेड दाखवतो आहे. मेणबत्ती वाऱ्याने जाऊ नये म्हणून पोराने दुसऱ्या हाताचा आडोसा केला आहे आणि ज्योतीचा उजेड त्या कोवळ्या बोटांतून आरपार आला आहे. बोटे तांबूस, जवळजवळ पारदर्शक झाली आहेत. जगाचा तारणहार म्हणवणारा हा मुलगा एका ज्योतीला वाऱ्यापासून जपतो आहे. आणि ज्याला पुढची कथा ठाऊक आहे त्याला ती बोटे पाहून कळते की, जपण्यासारखे इथे नुसती मेणबत्तीच नाही. कवटीने जे साधले नाही ते तळहाताने साधले.

आता आपल्या घरी येऊ.

राजा रविवर्म्याचे १८९३ सालचे एक चित्र आहे. त्याला त्याने 'देअर कम्स पापा' असे इंग्रजी नाव दिले. चित्रकाराची लेक महाप्रभा कडेवर मूल घेऊन उभी आहे आणि 'ते बघ, बाबा आले' म्हणून बोट दाखवते आहे. पायाशी कुत्रा आहे. बाबा चित्रात नाहीत. ते चौकटीबाहेरून येत आहेत. हे चित्र त्या वर्षी शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात इतर नऊ चित्रांबरोबर गेले होते. कल्पना मोठी गोड आहे, कारण सारे चित्र एका क्षणाच्या टोकावर उभे आहे. पण रविवर्म्याला नाटकाचा सोस सुटत नाही. बाई बोट दाखवते ते मुलाला कमी आणि प्रेक्षकाला जास्त. वारा मंद आहे. नाहीच असे म्हणवत नाही.

रविवर्म्याने १८९४ मध्ये मुंबईत शिळाछापाचा कारखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. आमच्या पुण्याची चित्रशाळा त्याच्याही आधीची, १८७८ची. या छापखान्यांनी गोरगरिबांच्या घरांतही रंगीत तसबिरी नेल्या, हा त्यांचा उपकार विसरता येणार नाही. त्या तसबिरींत लक्ष्मी कमळावर उभी असते. ते कमळ कोमेजत नाही आणि कोमेजूही नये. देवीचे कमळ ते. पुढे घरच्या बाईलाही चित्रकारांनी त्याच कमळावर नेऊन उभे केले, तिथे घोटाळा झाला. देवीच्या हातातले फूल आणि सकाळी मोरीशेजारच्या खिडकीत सुकून पडलेला गजरा यांतला फरक पुसला गेला.

हा फरक ज्याला नेमका ठाऊक होता असा चित्रकार म्हणजे रावबहादुर महादेव विश्वनाथ धुरंधर. जन्म कोल्हापूरचा, १८६७चा. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत त्यांची चार दशके गेली आणि 'कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे' या नावाने त्यांनी आपले अनुभवही लिहून ठेवले. ओटो रोथफील्डच्या १९२० सालच्या भारतीय स्त्रियांवरील पुस्तकाला त्यांची जलरंगातली चित्रे आहेत. धुरंधरांच्या बायका कधी थांबत नाहीत. कोणी घाटाच्या पायऱ्या उतरते आहे, कोणी पूजेचे तबक घेऊन निघाली आहे, कोणी बाजारातून परतते आहे. नऊवारीच्या काष्ट्याचा ओचा चालताना कुठे कसा ताणतो हे त्यांच्याइतके कोणी पाहिले नसेल. तरीही धुरंधरांची नजर बातमीदाराची होती. ही बाई कोणत्या जातीची, तिचे लुगडे कसले, नथ कोणत्या घडणीची, हे टिपण्यात ते इतके रमत की, ती बाई या क्षणी काय जपते आहे तिकडे क्वचितच वळत. गंमत अशी की त्यांच्या चित्रांतली क्षणभंगुरता काळाने मागाहून भरली. त्यांनी नित्याचे म्हणून रंगवलेले ते नेसणे, ते अंबाडे, ते दागिने आज घराघरांतून गेले, लग्नमुंजीपुरते उरले. ज्यांना धुरंधरांची आणि रविवर्म्याची अस्सल चित्रे पाहावयाची असतील त्यांनी कात्रजचा घाट चढून साताऱ्याच्या रस्त्याला लागावे आणि औंधचे श्री भवानी संग्रहालय गाठावे. औंधच्या पंतप्रतिनिधींनी, जे स्वतः चित्रकार होते, ते १९३८ मध्ये उभारले. एका लहानशा संस्थानाच्या राजाने डोंगरावर एवढे चित्रवैभव जमवले, याचा आपल्याला अजून पुरता अभिमान वाटत नाही.

असो. आता ज्या चित्रासाठी हा सारा प्रपंच मांडला त्याकडे वळते.

सावळाराम लक्ष्मण हळदणकर हे मूळचे सावंतवाडीचे, १८८२चा जन्म. जे. जे.मध्ये शिकून त्यांनी १९०८ साली मुंबईत स्वतःची चित्रकलेची शाळा काढली आणि कित्येक पिढ्यांना हातात ब्रश धरावयास शिकवले. त्यांचे एक चित्र म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यातील चित्रशाळेच्या संग्रहात आहे. इंग्रजी नाव 'ग्लो ऑफ होप'. आपल्याकडे 'निरांजनी' म्हणूनही ओळखतात. दिवाळीच्या दिवसांत लेकीच्या हातात दिवा पाहून त्यांना ते सुचले असे सांगतात. १९४५-४६च्या सुमाराचे हे चित्र कॅलेंडरांनी आणि छापील प्रतींनी एवढे पसरवले आहे की, ज्याने हळदणकरांचे नाव ऐकलेले नाही त्यानेही ते पाहिलेले असते.

चित्रात काय आहे? एक तरुण स्त्री उभी आहे. एका हातात दिवा, दुसऱ्या हाताचा ज्योतीपुढे आडोसा. बस्स, एवढेच. ओसरी नाही, तुळस नाही, रांगोळी नाही, दिवाळीचे दुसरे एकही चिन्ह नाही. नजर खाली, ज्योतीकडे. उजेड खालून चेहऱ्यावर आला आहे, पदरावर सांडला आहे आणि पायांकडे जाता जाता मंद झाला आहे. मागे सावली आहे. आणि आडोसा करणाऱ्या बोटांच्या कडा लाल झाल्या आहेत. ज्योतीचा उजेड मांसातून झिरपून आपल्याकडे आला आहे. ला तूरच्या त्या मुलाची आठवण इथे झाल्यावाचून राहत नाही. हळदणकरांना ते चित्र ठाऊक होते की नव्हते, या चर्चेत मला गोडी नाही. ज्या घरात रोज सांजवात होते तिथे बोटांतून झिरपणारा उजेड पाहावयास पॅरिसला जावे लागत नाही.

पाहणारे बहुतेक जण या चित्रातल्या ज्योतीची वाखाणणी करतात. मी म्हणते, ज्योत बाजूला ठेवा, तळहात पाहा. या चित्रातले प्रतीक दिवा नव्हे, आडोसा आहे. तो हात तिथे नसता तर ही दिवा घेतलेली एक सुंदर स्त्री झाली असती, आणि तशा शेकडो आहेत. हात आला आणि त्याच्याबरोबर वारा आला. कुठून तरी दार उघडे आहे, कुठली तरी झुळूक येणार आहे, आणि तिला आपल्या ओट्यापर्यंत, कोनाड्यापर्यंत, जिथे कुठे जायचे असेल तिथपर्यंत ही ज्योत पोचवावयाची आहे. न दाखवलेला वारा, न दाखवलेले दार आणि न दाखवलेला कोनाडा, तिन्ही गोष्टी एका तळहाताने सांगितल्या. आजीबाईंच्या 'येतो म्हण'सारखेच हे आहे. नाव घ्यावयाचे नाही, पण सावध राहावयाचे.

दुसरी गोष्ट माध्यमाची. हे चित्र जलरंगातले आहे. तैलरंगात चित्रकाराला चूक झाली तर वरून रंग चढवता येतो. उजेड हवा तर पांढऱ्याचा जाड फटकारा देता येतो. पारदर्शक जलरंगात ती सोय नाही. तिथे उजेड म्हणजे कोरा ठेवलेला कागद. जिथे प्रकाश हवा तिथे रंग लावावयाचाच नाही, आणि ही जागा चित्र सुरू करण्याआधी मनात पक्की असावी लागते. ओला रंग कागदावर पसरतो, वाळताना फिकटतो, एक थर सुकण्याआधी दुसरा लावला तर चिखल होतो. गडद सावलीने वेढलेली ज्योत या रंगांत काढणे म्हणजे हातात पाण्याचा तांब्या घेऊन दिवा जपण्यासारखे आहे! जलरंगातही निर्दोष काम करता येते हे दाखवण्यासाठीच त्यांनी हे माध्यम निवडले, असे म्हणतात. तसे असेलही. पण फळ केवळ कसरतीचे नाही. चित्रातली बाई जे करते आहे तेच चित्रकारही करीत होता. काळोखाचे थरांवर थर देताना मधला कोरा कागद जपत होता.

शिवाय जलरंग स्वतःच अल्पायुषी. उजेडात ठेवले की विटतात, त्यातही काही लाल-गुलाबी रंग आधी जातात. म्हणून जगभरच्या संग्रहालयांत जलरंगातली चित्रे पन्नास लक्सच्या आतबाहेरच्या मंद उजेडात ठेवण्याचा दंडक आहे. प्रकाशाचे चित्र टिकवावयाचे तर ते अंधाराजवळ ठेवावे लागते.

चित्रासाठी उभी राहिली ती हळदणकरांची लेक गीता. लग्नानंतर त्या गीता उपळेकर झाल्या, कोल्हापुरास राहिल्या आणि २०१८ मध्ये वयाच्या १०२व्या वर्षी वारल्या. कागदावरची ती तरुणी तशीच राहिली आणि दिवा धरून उभी राहिलेली बाई शंभरी ओलांडून गेली. मधल्या काळात आणखी एक मौज घडली. असंख्य लोक हे चित्र रविवर्म्याचे म्हणूनच ओळखू लागले. रविवर्मा १९०६ साली वारला. चित्र त्यानंतर चार दशकांनी झाले. पण सुंदर स्त्री, साडी आणि म्हैसूरचा राजवाडा एवढे जमले की लोकांना दुसरे नाव सुचत नाही. बाप-लेकीच्या घरातला तो दिवा दुसऱ्याच्या नावावर तेवत राहिला आणि लेक तिकडे कोल्हापुरात होती. ला तूरचेही असेच झाले होते. दोन-अडीचशे वर्षे त्याची चित्रे इतरांच्या नावांवर होती. १९१५ मध्ये एका जर्मन अभ्यासकाने ती त्याला परत मिळवून दिली. कीर्ती हीही घरगुती वस्तूंइतकीच ठिसूळ दिसते.

या चित्रावर एक आक्षेप घेता येतो आणि तो मी स्वतःच घेते. दिवा लावणे हे काम आहे. वाती वळाव्या लागतात, काजळी झाडावी लागते, समई चिंचेने घासावी लागते, तेलाचे ओघळ पुसावे लागतात. हळदणकरांच्या तरुणीच्या बोटांना तेल लागलेले नाही. घरातली सुंदर गोष्ट रोज नाहीशी होते आणि रोज पुन्हा कोणी तरी ती घडवते. हे 'कोणी तरी' या चित्रात अर्धेच आले आहे. जपणारी आली, राबणारी नाही. व्हर्मीरच्या मोलकरणीचे दंड बघा, मग कळेल. तरीही मी हळदणकरांना दोष देताना हात आखडता घेईन, कारण जपणे हे त्या कामातलेच सगळ्यांत अवघड काम आहे आणि ते त्यांच्याआधी आपल्याकडे कोणी असे रंगवले नव्हते.

यानंतर जे झाले ते मात्र दुःखदायक आहे. का. र. मित्रांच्या 'मनोरंजन'ने १९०९ मध्ये दिवाळी अंकाची प्रथा पाडली; दीनानाथ दलालांनी १९४५ मध्ये 'दीपावली' सुरू केले. दलालांची आणि रघुवीर मुळगावकरांची मुखपृष्ठे म्हणजे दोन-तीन पिढ्यांची दिवाळीच. दलालांची रेषा अशी लवचिक की, एका वळणात मान, खांदा आणि पाठ येऊन जावी. मुळगावकरांची तुकतुकीत कांती लोकांना एवढी आवडे की, मुखपृष्ठ कापून चौकटीत लावणारी घरे होती. या दोघांना कमी लेखण्याचा माझा विचार नाही. पण त्यांच्या वळणावर जी शेकडो मुखपृष्ठे निघाली ती डोळ्यांपुढे आणा. हाती तबक, तबकात निरांजन, आणि ज्योत? सरळ, उभी, आंब्याच्या कोयीसारखी गुळगुळीत. बाईची नजर ज्योतीकडे नाही. ती तुमच्याकडे पाहून हसते आहे. अशा घरात वारा यायचा कुठून?

याला कारणेही आहेत आणि ती समजून घेतली पाहिजेत. अंक दोरीवर टांगला जाई, दहा पावलांवरून ओळखू यावा लागे. छपाईचे ठसे दोन-चार रंगांचे. त्यांत बोटांतून झिरपणारा उजेड छापायचा तर छापखानेवाल्याने हात जोडले असते. ठळक रेघ आणि सपाट रंग ही धंद्याची गरज होती. शिवाय सण वर्षाचा. लोक मंगल मागतात, हुरहुर मागत नाहीत. आणि दुसऱ्या बाजूने पाहिले तर या चित्रांनी क्षणभंगुरता वेगळ्या रीतीने भोगली. अंक हातोहाती फिरला, त्याची पाने सुटली, फराळाच्या डब्याखाली तेलाचा डाग पडला, आणि पुढच्या दिवाळीआधी तो रद्दीत गेला. ज्योत न हलणाऱ्या त्या बाया स्वतः एका वर्षाच्याच पाहुण्या होत्या.

मी राहते ते कात्रजला, घाटाच्या पायथ्याशी. दिवाळीच्या सुमारास सांजवेळी डोंगरावरून वारा उतरतो आणि गॅलरीच्या कठड्यावर पणत्या मांडणाऱ्याची परीक्षा पाहतो. त्यामुळे अलीकडे इथल्या सोसायट्यांतून विजेच्या पणत्या आल्या आहेत. पाणी घातले की पेटतात, वाऱ्याला भीत नाहीत आणि ज्योत हलल्यासारखे दिसावे अशीही सोय त्यांत असते. घरी म्हातारे माणूस आणि लहान पोर असेल त्याने त्या लावाव्यात. माझी तक्रार नाही. पण हे मुखपृष्ठावरचेच निरांजन आहे, दुकानात मिळू लागलेले. माझ्या वर्गातल्या मुलांना चित्रकलेच्या परीक्षेच्या तयारीसाठी दिवाळीचे स्मरणचित्र काढावयास सांगितले की, तीस-पस्तीस कागदांवर तीस-पस्तीस सरळ ज्योती येतात. आडोशाचा हात एकाच्याही स्मरणात नसतो. त्यांनी तो पाहिलेला असतो तरी कुठे?

आणि रांगोळी? घरगुती चित्रांत ती असलीच तर कोपऱ्यात, शोभेपुरती. बाई वाकून ठिपके जुळवते आहे आणि तिला ठाऊक आहे की, दूधवाल्याचे पाऊल पडेपर्यंतच हे आयुष्य, हा विषय मोठ्या चित्रकाराने मन लावून रंगवलेला माझ्या पाहण्यात नाही. पुरुषांच्या चित्रकलेने बायकांचा चेहरा पाहिला, बायकांची चित्रकला पाहिली नाही. ठाणे-पालघरच्या वारली घरांत लग्नाचा चौक पूर्वी सवाशिणीच लिहीत. गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने लिहिलेला तो चौक कार्य उरकल्यावर जपून ठेवण्याची रीत नव्हती. पुढचे लग्न, पुढचा चौक. १९७०च्या पुढे भास्कर कुलकर्णी यांच्या प्रोत्साहनाने ही कला कागदावर आली आणि जिव्या सोमा म्हसे यांच्या नावाने जगभर गेली. ते चांगलेच झाले. पण ज्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या पुसले जाण्यासाठीच लिहिले, त्यांची नावे भिंतीबरोबर सारवली गेली.

प्रभाकर बरव्यांनी पुढे घड्याळ, वाळलेले पान, कंगवा अशा घरातल्याच वस्तू घेऊन फार वेगळी चित्रे केली. तिथे वस्तू उरल्या, माणूस उठून गेला. त्यांच्याविषयी सवडीने लिहावयाचे आहे. सणाच्या अंकात दोन ओळींत ते बसणार नाही.

हळदणकरांच्या चित्राची छापील प्रत पुष्कळांच्या घरी असेल, काहींना या दिवाळीत घ्यावीशीही वाटेल. बाजारात तिचे अनेक नमुने आहेत. काहींत साडीचा रंगच बदललेला असतो, काहींत सावलीचे काळे लोणचे झालेले असते, आणि खाली रविवर्म्याचे नाव तर हमखास. प्रत घेताना आडोशाच्या हाताची बोटे जवळ जाऊन पाहावीत. छपाई उतरली की पहिला मार बसतो तो त्या लाल कडांवर. बोटे मग मेणाची वाटू लागतात आणि उजेड त्यांच्या अलीकडेच अडतो. ज्योत सगळ्याच प्रतींत बरी छापून आलेली असते.